उलटं धरलंय का सुलटं

आमच्या गल्लीत सकाळी एखादी मोटारसायकल सुरू व्हायची, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची आणि तिथं बंद पडायची. मालक खाली उतरायचा, बनसोडे सरांच्या नावानं काहीतरी पुटपुटायचा आणि टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक उघडायचा. पुटपुटायचाच, मोठ्यानं बोलायचा नाही, कारण गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी सरांच्या हाताखालून गेलेलं होतं.

सर रोज संध्याकाळी चक्कर मारायला निघायचे. पाठीमागं हात, पँटला कडक इस्त्री. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी वाकायचे, कॉक चाचपायचे आणि उघडा असला की बंद करून पुढं जायचे. कॉक बंद असला तरी कार्बोरेटरच्या वाटीत घोटभर पेट्रोल उरतं. तेवढ्यावर गाडी सुरू होते आणि गिरणीपर्यंत जाते. गिरणीवाला दारातूनच विचारायचा, "या, सरांनी पाठवलं का?"

सर शिकवायचे विज्ञान, म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. विज्ञानाच्या माणसाला असं काहीतरी असायचंच. त्यामागं काय होतं ते मला फार नंतर कळलं, आणि तेव्हापासून कुणी सरांचं कौतुक करायला लागलं की माझी मान खाली जाते. तरी लिहितेय. कारण मेहबूब मेस्त्री नावाचा एक माणूस आमच्या गल्लीत अजून 'काडीपेटी' म्हणूनच ओळखला जातो, आणि तो तसा नव्हता.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई विड्या वळायची, वडील मिलमध्ये बदली कामगार होते, मिल बंद पडल्यावर हमाली केली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आज सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका सरकारी कचेरीत मला टेबल आहे, टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि त्या पाटीतली निम्मी अक्षरं सरांची आहेत, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही. म्हणूनच अवघड आहे.

आमच्या समाजात आमच्या भागातले पहिले मास्तर म्हणजे बनसोडे सर. आमच्या आया पोरांना दमात घ्यायच्या त्या सरांचं नाव घेऊन, आणि पोरांच्या पाठीवर हात फिरवायच्या तोही सरांचंच नाव घेऊन. "सरांसारखा हो." पुढं काही सांगावं लागायचं नाही. सरांकडं एक गाडी होती, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डाकडून घेतलेली. तांबडी टाकी, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. तेव्हाच ती जुनी होती. गल्लीत तिला 'तांबडी' म्हणायचे. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं तांबडी, तिच्यावर सर, पांढरा शर्ट, आणि त्यांच्या मागं आमचं अख्खं लेझीम पथक. तांबडीचा तो डुग-डुग आवाज आला की म्हाताऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. गाडी सरांची होती, पण मान आमच्या सगळ्यांची ताठ व्हायची.

शिकवायचे मात्र असे, की विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. शाळेशिवाय घरीही बाहेरच्या खोलीत आम्हाला बसवायचे. प्लावक बल शिकवताना पाण्याची बादली आणि प्लॅस्टिकचा चेंडू. "तुमच्या टाकीत बॉल असतो का न्हाय? पाणी आलं की बॉल वर येतो, वर आला की नळ बंद होतो. पाणी कमी झालं की बॉल खाली, नळ चालू." सोलापुरात पाणी चार-चार दिवसांनी येतं, त्यामुळं टाकीचा बॉल काय असतो ते शिकवावं लागत नाही. मग सर बोट दाखवायचे ते बाहेर उभ्या तांबडीकडं. "तिच्या पोटातबी असाच एक बॉल हाय. त्याला फ्लोट म्हणायचं. वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुईनं भोक बंद करतो. समजलं?" सर तसं प्रमाण भाषेत बोलायचे, पण एखादी गोष्ट मनापासून समजावायची असली की त्यांचं 'आहे'चं 'हाय' व्हायचं.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. भिंगातली प्रतिमा असो, नकाशा असो, नाहीतर गणितातलं वजाबाकीचं चिन्ह असो, पोरानं चुकीचं उत्तर दिलं की सर ते चूक आहे असं कधी म्हणायचे नाहीत. ते उत्तर परत म्हणायचे आणि विचारायचे, "आधी सांग, उलटं धरलंय का सुलटं?" आम्ही त्याची नक्कल करायचो. आई भाकरी थापायला लागली की माझा भाऊ विचारायचा, "आये, उलटी का सुलटी?" आणि पाठीत धपाटा खायचा. हे वाक्य जाळाच्या आधी सरांच्या तोंडी नव्हतं, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

जाळ झाला तेव्हा मी नववीला होते. आमच्या गल्लीला मध्ये फरशीचा बोळ आहे, दोन्ही बाजूंना खोल्या. तांबडी सरांच्या दारात बोळातच उभी असायची. समोर नरसूबाईचं घर. ती माणसं तेलुगू, तिच्या दारापासून आत सुरू व्हायचा तो सगळा सुताचा संसार. आत दोन माग, एकावर टॉवेलांचा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, चढवलेला, कोपऱ्यात सुताच्या कांड्यांची पोती. बोळाच्या कडेनं उघडी नाली, आणि नालीच्या टोकाला नरसूबाईचा पाणी तापवायचा बंब.

रात्रभर तांबडीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपत राहिलं होतं. नालीतून वाहत ते बंबापर्यंत गेलं. सकाळी नरसूबाईनं बंबात पेटती चिपाडं सारली आणि भप् असा आवाज झाला. मी दात घासत होते. नालीतून जाळ पळत आला, आधी तांबडीवर चढला, मग समोर नरसूबाईच्या उंबऱ्यावरून आत गेला. सूत कसं जळतं ते सोलापूरकराला सांगायला नको. नरसूबाई कांड्यांची पोती ओढायला आत शिरली. तिला माणसांनी बाहेर काढलं तेव्हा तिच्या उजव्या पावलाची कातडी सोलली गेली होती, आणि ती पावलाकडं न बघता आत बघून ओरडत होती, "बीम! बीम काढा रे!" टॉवेलांचा बीम गेला. माग काळा पडला. माणूस कुणी गेलं नाही.

सर बनियनवर होते, हातात बादली. जाळ विझल्यावर सगळे तांबडीभोवती जमले. तिची सीट जळून स्प्रिंगा दिसत होत्या, पाठीमागचं मडगार्ड काळं. आमच्यातलाच राजू, तेव्हा कॉलेजात होता, त्यानं विचारलं, "सर, गाडी कुणाकडं दिलती?"

सर म्हणाले, "परवा मेहबूबकडं होती."

एवढंच. पुढचं काम गल्लीनं केलं.

मेहबूब मेस्त्रीचं पत्र्याचं दुकान तेव्हा सात रस्त्याच्या मागं होतं. मेस्त्री म्हणून तो अगदी ढिसाळ माणूस, हे मला सांगितलं पाहिजे. काम करताना अखंड बडबड, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात बशी. एकाचा आरसा दुसऱ्याच्या गाडीला लावून द्यायचा. एकदा कुणाच्या तरी गाडीच्या मडगार्डवर पाना तसाच राहिला होता, तो पार पंढरपूर रोडला सापडला. तक्रार केली की त्याचं एकच उत्तर, "होता है." असल्या माणसावर जाळाचं खापर फोडायला जड काय जातं? तांबडीच्या टाकीखालची वायर जळाली होती म्हणून त्यानं टाकी उतरवली होती, म्हणजे पेट्रोलचा पाइप सोडवला होता. गल्लीतली पोरं त्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. राजूनं विचारलं, "पाइपची क्लिप लावलीस का न्हाय?"

मेहबूबनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लगाई थी... शायद."

त्या 'शायद'नं त्याचं दुकान बुडालं. तो 'काडीपेटी मेस्त्री' झाला. गाडी दुरुस्तीला टाकताना माणसं हसून विचारायची, "जाळाची सोय आत का बाहेर?" हसता हसता ती दुसऱ्या मेस्त्रीकडं वळली. वर्षाच्या आत त्यानं पत्रा उतरवला आणि सासुरवाडीला, दुधनीला गेला.

नरसूबाई लंगडत बंबापाशी यायची आणि रोज सकाळी त्याला शिव्याशाप द्यायची. तिची मराठी एरवी मोडकी, पण शाप देताना अडखळायची नाही. "त्या काडीपेटीच्या हाताला यश येऊ नगं. त्याच्या चुलीत ओलं लाकूड पडू दे. त्याचा हात थरथरू दे." सर समोर खुर्चीत पेपर वाचत असायचे. तिनं सुरू केलं की ते उठून आत जायचे आणि पँटला इस्त्री करायला घ्यायचे. बोळात तिचा आवाज आणि आतून इस्त्रीचा ठक्-ठक्. सरांच्या पँटची ती कडक घडी आम्ही टापटिपीची खूण समजायचो.

अशा किती गोष्टी आम्ही भलत्याच समजलो. मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी राजू जयंती मंडळाचा अध्यक्ष झाला होता. मंडळानं सरांचा सत्कार ठरवला. स्टेज, शाल, फेटा, सगळं तयार. सरांचं नाव पुकारलं तर सर नाहीत. पोरं शोधत फिरली. सर सापडले पिठाच्या गिरणीत, ज्वारीचा डबा घेऊन रांगेत उभे.

"सर, समदी खोळंबल्यात."

"माझं दळण आहे."

"सर, दळण मी आणतो की. तुमी चला."

"माझा नंबर जाईल," सर म्हणाले आणि डबा पायानं पुढं सरकवला. गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. ते शेवटपर्यंत हलले नाहीत. ही गोष्ट मी कचेरीत, नातेवाइकांत, माझ्या लग्नात नवऱ्याकडच्यांना, सगळीकडं सांगितली. माणूस किती मोठा आणि किती साधा, म्हणून. आता आठवलं की कान तापतात.

तांबडी मात्र सरांनी विकली नाही. सुट्टीच्या दिवशी एक-एक भाग काढून घासायचे, मडगार्ड रंगवलं, सीट शिवून आणली. वर्षानुवर्षं चाललं होतं. सगळी नव्यासारखी केली आणि आतल्या खोलीत चादर पांघरून उभी केली. सुरू कधीच केली नाही. पुण्याहून कुणीतरी जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस बघायला आला होता. तो म्हणाला, "मास्तर, एक किक मारून दाखवा." सर म्हणाले, "ती चालत नाही." तो चाचपत म्हणाला, "सगळं तर बरोबर दिसतंय." सर म्हणाले, "गाडी बरोबर आहे." त्याला काही कळलं नाही, आणि चहा घेऊन आलेल्या मलाही.

सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी वारल्या, मुलगा पुण्याला नोकरीत. अजून काही वर्षं गेली. एका शनिवारी ते माझ्या दारात आले. "वंदना, उद्या मोकळी आहेस का? मला तुझे डोळे लागतील."

रविवारी दुपारी गेले. चादर काढली होती. जमिनीवर पेपर पसरून त्यावर कार्बोरेटर सुटं करून ठेवलं होतं, बाजूला दवाखान्यातून आणलेली सलाईनची नळी. सरांचे हात थरथरत होते. नरसूबाईच्या शापातलं हेच वाक्य मला का आठवलं, कुणास ठाऊक.

"ही नळी वाटीच्या खालच्या भोकाला लावायची आणि कार्बोरेटरशेजारी उभी धरायची," सर सांगू लागले. "वाटीत जेवढं पेट्रोल, तेवढंच नळीत दिसतं. ते वाटीच्या वरच्या या जोडाच्या जरा खाली थांबलं पाहिजे. वर आलं तर ओतू जातं." मग त्यांनी वाटी काढून कार्बोरेटर उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. आत पितळेचा फ्लोट एका बारक्या पट्टीवर टेकलेला होता, चिमणीच्या जिभेएवढी पट्टी. ती जरा वाकवली की फ्लोट वर-खाली होतो, एवढीच त्याची करामत.

"पेट्रोल जास्त भरतंय. लेव्हल खाली आणायचीय," सर म्हणाले. "फ्लोट कुठं नेशील?"

"खाली," मी म्हणाले.

"खाली म्हणजे? दाखव."

मी बोटानं फ्लोट जमिनीच्या दिशेला दाबला.

सर माझ्या बोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मीपण हेच केलं."

मला आधी कळलं नाही. मग हातातल्या वस्तूकडं बघितलं. कार्बोरेटर उलटं होतं. उलट्यात जे खाली, ते गाडीला लावल्यावर वर. लेव्हल खाली आणायची म्हणून फ्लोट खाली केला, तर पेट्रोल उलट जास्त चढणार, वाटी भरून ओतू जाणार.

"कधी?" मी विचारलं.

"जाळाच्या आदल्या दिवशी. गाडी धूर टाकत होती. म्हटलं, मेस्त्री कशाला, फ्लोटच तर आहे, मी पोरांना शिकवतो. बसवला आणि कॉक उघडा ठेवून झोपलो."

"आणि मेहबूब?"

"त्यानं कार्बोरेटरला हातच लावला नव्हता."

"पण तुम्ही म्हणाला होता..."

"परवा मेहबूबकडं होती, म्हणालो. होती की. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं." सरांनी पेपरवरचा एक स्क्रू उचलून परत ठेवला. "जाळ विझेपर्यंत सांगायचंच, असं होतं मनात. मग सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. तुझा बाप होता त्यात. नरसूबाई होती. आता सांगतो, मग सांगतो, असं करत मी तोंड उघडलं, तर ते वाक्य बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात प्लावक बल होतं. ते शिकवून घरी आलो तोवर मेहबूबची काडीपेटी झाली होती."

मला त्यांच्याकडं बघवेना. मी सलाईनच्या नळीकडं बघत बसले. ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या तोंडात जे काही शब्द होते ते सगळे त्यांनीच शिकवलेले. शेवटी मी एवढंच म्हणाले, "चिमटा द्या इकडं." मी ती पट्टी बरोबर दिशेला वाकवली, ते वाटी लावत होते, परत काढत होते, मी परत वाकवत होते. ऊन उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा नळीतलं पेट्रोल जोडाच्या जरा खाली येऊन थांबलं.

"आता ही चालवत दुधनीला न्यायची," सर म्हणाले. "एसटीनं नाही. याच गाडीवर."

"मी मागं बसते," मी म्हणाले. त्या वयात एकट्यानं जाऊ द्यायचं नव्हतं, हे खरं. पण ते खरंच जातात का, हेही मला बघायचं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी अक्कलकोटच्या रस्त्यानं आम्ही निघालो. तांबडी अजिबात कुरकुरली नाही. दुधनीत आडतीच्या दुकानांपलीकडं एका लिंबाखाली पंक्चरचं दुकान होतं, पाण्याची घमेली, टांगलेल्या ट्यूबा. मेहबूब पाठमोरा बसला होता. आवाज ऐकूनच तो उठला.

"ये तो तांबडी! अरे सर! जिंदा है क्या ये?" त्यानं आधी गाडीवर हात फिरवला, मग सरांचा हात हातात घेतला. "बैठो, बैठो. ए चाय बोल रे तीन. मॅडम, तुम बी बैठो. सर की बेटी क्या?"

सर बसले नाहीत. "मेहबूब, तो जाळ तुझ्यामुळं लागला नव्हता. आदल्या दिवशी फ्लोट मी बसवला. उलटा."

मेहबूब हसला, म्हणजे ओठ तसेच हसते राहिले. "फिर क्लिप?"

"क्लिप तू लावली होतीस. कार्बोरेटर काढताना मीच सोडवली."

"ढीली थी?"

"घट्ट होती. पक्कड लागली मला."

"पक्कड लगी?" त्यानं परत विचारलं.

"हो."

मेहबूब घमेल्याच्या कडेवर बसला. मला वाटत होतं, तो म्हणेल की मला ठाऊक होतं, पण माझं ऐकलं कुणी असतं? तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मैं तो बोल्या मेरेसेच हुआ. इत्ते साल मैं वो क्लिप याद करतू. लगाई थी का नै, लगाई थी का नै. मेरेकू मेरी आदत मालूम है ना सर. सब बोलते थे तो सच्चीच होंगा." त्यानं दुकानाकडं हात केला. "उसके बाद मैं किसी की टाकी नै उतारा. कार्बोटर कू हात नै लगाया. पंक्चर में आग नै लगती."

लिंबाखाली चहा आला. कुणी घेतला नाही. सर म्हणाले, "ही गाडी तुला..."

"नक्को," मेहबूब म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "गाडी लेके मैं क्या करूं? और मेरेकू कायकू बोलते? मेरेकू तो अब मालूम पड्या. जिनको मालूम नै उनको बोलो. गल्ली में बोलो." मग माझ्याकडं वळून, "पियो मॅडम, ठंडी होरी."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. सरांनीही माफी मागितली नाही. आम्ही निघालो तेव्हा तो वाकून तांबडीच्या पाइपच्या क्लिपकडं बघत होता. बोटानं ती हलते का, ते त्यानं बघितलं.

संध्याकाळी सर बोळात उभे राहिले आणि सगळ्यांना हाक मारली. माणसं जमली. सरांनी वर्गात सांगावं तसं पायरी-पायरीनं सांगितलं, फ्लोट, पट्टी, कॉक, मेहबूब. कुठं थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "दोष माझा होता. मेहबूबचं नाव मी घालवलं."

मग राजू, आता तोही पन्नाशीकडं आलेला, पुढं झाला आणि त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, उन्हातनं गाडी चालवून आलायसा. जरा पडा आत जाऊन."

"राजू, मी काय सांगतोय ते ऐकलंस का?"

"ऐकलं की सर. पडा आता." आणि माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "ताई, सरांना असं लांब न्यायचं न्हाय. आदीच ते कॉकचं चालू असतं रोज."

"ते खरं सांगताहेत," मी म्हणाले. "मी फ्लोटची पट्टी हातानं वाकवलीय."

"तुमी बी ताई? शिकल्या-सवरल्या बाईनं असं बोलायचं? सर असं करतील व्हय?"

माणसं मान हलवत होती. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तोच तर त्रास होता. त्यांना सर हवे होते, जसे होते तसे. मेहबूब काडीपेटी राहिला तर त्यांचं काही जात नव्हतं. सर गेले असते तर आमच्या सगळ्यांच्या पोरांना सांगायला दुसरं नाव कुठलं होतं? मला माझ्या माणसांची लाज वाटली, आणि मी त्यांच्यातलीच असल्यामुळं ती कुठं ठेवावी ते कळेना.

नरसूबाई तिच्या उंबऱ्यावर उभी होती. आता पार वाकलेली. ती पाय ओढत पुढं आली. तिनं मात्र ऐकलं होतं.

"सर, मी रोज त्याला शाप दिला. तुमी हितं बसून ऐकलं."

"होय अक्का."

"इस्त्री करत हुता."

सरांचा हात पँटवर गेला.

"माझा पाय जळला, ते जळू दे. सूत गेलं, गेलं. पण ते शाप मी आता कुटून परत आणू? बोलला तर परत येत नसतंय ते." ती सरांच्या पँटकडं बघत होती, घडीकडं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच एसटीनं दुधनीला जाऊन आली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. येताना पिशवीत तूरडाळ होती. दुधनीची डाळ चांगली असते, एवढंच म्हणाली. सरांशी ती पुन्हा बोलली नाही, आणि बंबापाशी शिव्या देणंही थांबलं. सकाळी बोळ इतका शांत असायचा की सर कधी उठले ते मला कळायचं नाही.

राजू आणि बाकीचे अजून 'काडीपेटी'च म्हणतात. कुणाची गाडी ठिणगी मारायला लागली की हसून तेच नाव घेतात. मी प्रत्येक वेळी थांबवते. म्हणतात, ताई लई सीरियस घेतात. म्हणून इथं लिहून ठेवते: मेहबूबनं क्लिप लावली होती. घट्ट लावली होती. ती सोडवायला पक्कड लागली.

सरांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कचेरीतून आले, नवीन स्कूटर दारात लावली. सर चक्कर मारत होते. पाठीमागं हात, पँट मात्र चुरगळलेली. एकेका गाडीपाशी वाकत येत होते. गल्लीत आता सगळ्या नव्या गाड्या. त्यांना कॉक नसतो, कार्बोरेटरही नसतं. सर टाकीखाली हात घालायचे, चाचपायचे, काही सापडायचं नाही, तरी थोडा वेळ तिथंच धरून उभे राहायचे.

माझ्या स्कूटरपाशी आले. सीटखाली हात घातला.

"सर, हिला कॉक नाही," मी म्हणाले. "आता कुठल्याच गाडीला नसतो."

"नसतो?" त्यांनी हात काढला नाही. "मग लेव्हल कोण बघतं?"

"मशीनच बघतं, सर. आपोआप."

"आपोआप," सर म्हणाले. वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिलं की ते जसं परत म्हणायचे, तसं. मग हात पुसला आणि पुढच्या गाडीपाशी जाऊन वाकले.